मिठा तिवाणा ते हेस्टिंग्ज

हेस्टिंग्ज हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव. नाताळ सरत आला आणि नवं वर्ष तोंडावर आलं की तिथे बुद्धिबळाची स्पर्धा भरते. समुद्रावरून येणारा वारा हाडापर्यंत पोचतो, दिवस चार वाजताच मावळतो, आणि दिव्यांच्या उजेडात खेळाडू तासन् तास पटावर वाकलेले असतात. 1930 च्या अखेरीला तिथे क्यूबाचा होजे राऊल कापाब्लांका आला होता. 1921 ते 1927 तो जगज्जेता होता. 1916 ते 1924 ही आठ वर्षं त्यानं एकही स्पर्धात्मक डाव गमावला नव्हता. उभ्या आयुष्यात तो असे पन्नास डावसुद्धा हरला नाही.

त्या वर्षी हेस्टिंग्जला एका डावात त्याच्यासमोर पंजाबातून आलेला एक तरुण बसला होता. सावळा, किडकिडीत, डोक्याला साफा. इंग्लंडची थंडी त्याला कधी सोसली नाही. सर्दी, घशाची दुखणी आणि सोबतीला हिवताप. गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून तो खेळायला बसे, आणि चेहऱ्यावरची रेघ हलू न देता डावच्या डाव काढी. पांढरी मोहरी त्याच्याकडे होती. 65 व्या खेळीला डाव संपला आणि कापाब्लांका हरला. युरोपीय पद्धतीचं बुद्धिबळ हातात घेऊन त्या तरुणाला मोजकीच वर्षं झाली होती.

त्याचं नाव सुलतान खान. इंग्लंडमध्ये तो पाच वर्षंही सलग राहिला नाही, पण तेवढ्यात तीनदा ब्रिटिश विजेता झाला. या प्रकरणाचा नायक तोच आहे. मात्र त्याच्याकडे येण्याआधी लंडनमध्ये थोडं थांबायला हवं. बाहेरून आलेला आणि इंग्लंडमध्ये पट मांडून बसलेला तो काही पहिला नव्हता. त्याच्या आधी दीडशे वर्षं ही ये-जा चालू होती. त्या माणसांची गोष्ट कळली की सुलतान खानच्या वाट्याला काय आलं आणि काय आलं नाही, याचा अंदाज बांधता येतो.

सुरुवात फिलिदोरपासून करू. फ्रान्समधला हा संगीतकार पॅरिसच्या नाट्यगृहांसाठी ऑपेरा रची आणि बुद्धिबळात त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. प्याद्यांचं महत्त्व जगाला पटवून देणारं त्याचं पुस्तक 1749 मध्ये छापलं गेलं, तेही लंडनमध्ये. 1775 पासून तो जवळजवळ दर वर्षी काही महिने लंडनला येई आणि सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या पार्स्लोच्या क्लबात खेळे. पट न पाहता एकाच वेळी तीन जणांशी खेळून दाखवी, आणि ते पाहायला लोक पैसे मोजत. पुढे फ्रान्समध्ये क्रांती झाली. लंडनला आलेल्या फिलिदोरचं नाव तिकडे देश सोडून गेलेल्यांच्या यादीत चढलं आणि परतीची वाट बंद झाली. बायकामुलं पॅरिसमध्ये, आपण लंडनमध्ये, अशा अवस्थेत 1795 च्या ऑगस्टमध्ये तो वारला.

पोटापाण्यासाठी आलेला खेळाडू राजकारणापायी तिथेच अडकला. हेच पुढे अनेकांच्या बाबतीत घडलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये येणाऱ्या परक्या माणसाला जवळजवळ कुणी अडवत नसे; परदेशी लोकांना रोखणारा आधुनिक काळातला पहिला कायदा तिथे 1905 मध्ये झाला. 1848 साली युरोपभर उठाव झाले, ते मोडले गेले, आणि पराभूत पक्षाची माणसं वाट फुटेल तिकडे निघाली. त्यातली कित्येक लंडनला पोचली. हंगेरीचा योहान लोव्हेंथाल त्यांपैकीच एक. हंगेरीतल्या उठावाचा पुढारी कोशूट याच्या सरकारात नोकरी केल्यामुळे त्याला देश सोडावा लागला. तो आधी अमेरिकेत गेला आणि 1851 च्या स्पर्धेसाठी लंडनला येऊन तिथलाच झाला. क्लबचं चिटणीसपद, सदरलेखन, पुस्तकं यांवर त्यानं गुजराण केली. त्याचा शेवटही 1876 मध्ये हेस्टिंग्जला लागून असलेल्या सेंट लेनर्ड्समध्येच झाला.

आसरा मिळाला तरी भाकरी मिळतेच असं नाही. बुद्धिबळावर जगू पाहणाऱ्याला लंडनमध्ये भाकरीची सोय तीन ठिकाणी होती. एक, श्रीमंतांचे क्लब. दोन, वर्तमानपत्रांतली बुद्धिबळाची सदरं. आणि तीन, कॉफीची दुकानं. त्यांत सर्वांत नावाजलेलं होतं स्ट्रँड या हमरस्त्यावरचं सिम्पसन्स डिव्हान. 1828 मध्ये सुरू झालेली ही जागा: गुबगुबीत बैठका, चिरुटांचा धूर, कॉफी, आणि मेजामेजावर मांडलेले पट. कुणी हौशी गृहस्थ आला की पेशेवर खेळाडू त्याच्यासमोर बसे. पैज सहसा एका डावाला एक शिलिंग. समोरचा कच्चा असला तर आपलं एखादं मोहरं आधीच काढून ठेवून खेळायचं, म्हणजे त्यालाही गंमत वाटते आणि तो उद्या परत येतो. जगातले उत्तमोत्तम खेळाडू अशा एकेका शिलिंगावर दिवस काढत.

याच सिम्पसन्समध्ये 1851 च्या जूनमध्ये एक फुटकळ डाव झाला. लंडनला तेव्हा जगातलं मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, आणि त्या निमित्तानं हॉवर्ड स्टॉन्टननं पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा घडवून आणली होती. ब्रेस्लाऊमधला गणिताचा मास्तर अडोल्फ अँडरसेन त्यासाठी आलेला. रिकाम्या वेळात तो पॅरिसहून आलेल्या किझेरित्स्कीशी खेळला आणि त्यानं दोन्ही हत्ती, एक उंट आणि शेवटी वजीरसुद्धा देऊन मात केली. तो 'अमर डाव' म्हणून आजही शिकवला जातो. स्पर्धेतल्या डावांपेक्षा हा न मोजलेला डावच लोकांनी जपून ठेवला.

आता स्टाइनिट्झ. विल्हेल्म स्टाइनिट्झ 1836 मध्ये प्रागच्या ज्यू वस्तीत जन्मला. व्हिएन्नाला शिकायला गेला, शिक्षण मागे पडलं आणि कॉफीगृहातल्या पटावर पैसे मिळू लागले. 1862 मध्ये ऑस्ट्रियाचा प्रतिनिधी म्हणून तो लंडनच्या स्पर्धेला आला आणि सहावा आला. सहावा आलेला माणूस सहसा गाशा गुंडाळून घरी जातो. हा तिथेच राहिला. पाचवा आलेल्या इटालियन दुबोआला त्यानं लगेच सामन्यासाठी बोलावलं आणि हरवलं. चार वर्षांनी, 1866 मध्ये, लंडनमध्येच त्यानं अँडरसेनला 8-6 असं नमवलं. चौदा डावांत एकही बरोबरी नाही! त्या काळी बुद्धिबळ असंच खेळलं जाई: मोहरी फेकायची आणि राजावर धावून जायचं.

पण लंडनमध्ये घालवलेल्या वीस वर्षांत स्टाइनिट्झनं हा विचारच बदलून टाकला. छोटे छोटे फायदे साठवत जा. एखादं कमजोर प्यादं, एखादं मोक्याचं घर, उंटांची जोडी. पुरेसा साठा झाला की हल्ला आपोआप उभा राहतो, आणि साठा नसताना केलेला हल्ला नीट बचाव करणाऱ्यापुढे फसतो. आज कुठल्याही शिकवणीवर्गात दहा वर्षांच्या पोरांना हे सांगतात. तेव्हा हे सांगणाऱ्याला भित्रा म्हणत. 1873 पासून तो 'द फील्ड' या साप्ताहिकात सदर लिहीत होता आणि त्यातले त्याचे डावांचे खुलासे इतके कसोशीचे असत की बुद्धिबळाचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिथून सुरू झाला असं मला वाटतं. मात्र लेखणी तिखट होती आणि स्वभाव त्याहून तिखट. लंडनच्या बुद्धिबळ वर्तुळात त्याचे वैरी वाढत गेले, परदेशी असण्यावरून टोमणे मारले गेले आणि 1882 मध्ये सदरही हातचं गेलं. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेला निघून गेला. जगज्जेता हा किताब त्यानं अधिकृतपणे मिळवला तो 1886 मध्ये, न्यूयॉर्क, सेंट लुईस आणि न्यू ऑर्लीन्स इथे झालेल्या सामन्यात. त्याला घडवलं लंडननं, मिरवलं अमेरिकेनं.

त्या सामन्यात समोर होता योहानेस झुकरटोर्ट, तोही लंडनचाच परदेशी. पोलंडमधल्या लुब्लिनला जन्मलेला हा माणूस 1872 मध्ये लंडनला आला. 1883 च्या लंडन स्पर्धेत त्यानं सगळ्यांना इतकं मागे टाकलं की शेवटचे तीन डाव हरूनही तो स्टाइनिट्झच्या तीन गुणांनी पुढे राहिला. पण 1886 च्या पराभवानंतर त्याची प्रकृती ढासळत गेली. 1888 च्या जूनमध्ये सिम्पसन्समध्ये डाव चालू असतानाच त्याला झटका आला आणि दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात वारला. वय 45. लंडनच्या ब्रॉम्प्टन दफनभूमीतली त्याची कबर पुढे इतकी विसरली गेली की ती शोधून नीट करायला 2012 उजाडलं.

आणखीही होते. बुडापेस्टचा इसिडोर गुन्सबर्ग 'मेफिस्टो' नावाच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या बाहुल्याच्या आडून खेळी करी, आणि पुढे स्टाइनिट्झला जगज्जेतेपदासाठी आव्हान देण्यापर्यंत पोचला. जर्मनीचा इमॅन्युएल लास्कर ऐन उमेदीत लंडनला येऊन राहिला होता. 1892 मध्ये त्यानं इंग्लंडच्या ब्लॅकबर्नला एकही डाव न गमावता सामन्यात हरवलं आणि दोन वर्षांनी जगज्जेता झाला. या सगळ्यांबद्दल स्वतंत्र प्रकरणं लिहिता येतील.

विसाव्या शतकात मात्र एका मुलीपाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. व्हेरा मेनचिक 1906 मध्ये मॉस्कोत जन्मली. वडील चेक, आई इंग्रज. क्रांतीनंतर कुटुंबाची घडी विस्कटली आणि 1921 मध्ये पंधरा वर्षांची व्हेरा आई आणि बहिणीबरोबर आजोळी, हेस्टिंग्जला, आली. इंग्रजी धड येत नव्हतं. बुद्धिबळ हा न बोलता खेळायचा खेळ आहे, त्यामुळे ज्याला भाषा येत नाही त्याच्यासाठी तोच बरा, असं तिनं पुढे सांगितलं. परक्या गावात मुक्यानं वावरणाऱ्या मुलीला पटानं बोलतं केलं. हेस्टिंग्जच्या क्लबात तिला हंगेरीचा गेझा मारोत्सी गुरू मिळाला. म्हणजे एका परदेशी मुलीला दुसऱ्या परदेशी माणसानं तिसऱ्याच देशात शिकवलं. 1927 मध्ये लंडनला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यात अकरापैकी साडेदहा गुण मिळवून ती जगज्जेती झाली आणि मरेपर्यंत जगज्जेती राहिली. पुरुषांच्या स्पर्धांत ती बरोबरीनं खेळे. तिच्याकडून हरलेल्या नामवंतांमध्ये पुढे जगज्जेता झालेला मॅक्स यूवे आहे आणि आपला सुलतान खानही आहे. 1944 च्या जूनमध्ये लंडनच्या क्लॅपहॅम भागातल्या तिच्या घरावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला. व्हेरा, तिची बहीण आणि आई, तिघीही गेल्या. महिलांच्या ऑलिंपियाडमध्ये जिंकणाऱ्या संघाला आज जो करंडक मिळतो, त्याला तिचं नाव आहे.

आता सुलतान खान.

पंजाबातल्या खुशाब भागात मिठा तिवाणा नावाचं गाव आहे. आज ते पाकिस्तानात आहे. तिथल्या एका पिराच्या घरात तो विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत जन्मला; बहुतेक ठिकाणी 1903 हे साल देतात. नवव्या वर्षी वडिलांनी त्याला बुद्धिबळ शिकवलं. ते देशी बुद्धिबळ. आपल्याकडेही आजोबा-पणजोबांची पिढी असंच खेळत असे, त्यामुळे मराठी वाचकाला यातला फरक समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला, शह बसण्याआधी, डावात एकदा घोड्याची चाल करता येते. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोचलं, तेच मोहरं होतं. हवं म्हणून वजीर मागता येत नाही. अशा खेळात सुरुवात संथ होते. दोन्ही फौजा आपापल्या हद्दीत सावकाश उभ्या राहतात, हातघाई उशिरा होते, आणि डाव लांबत लांबत शेवटच्या टप्प्यात जातो. मोजकी मोहरी उरलेल्या पटावर ज्याची नजर पक्की, तो जिंकतो.

हे सांगायचं कारण असं, की सुलतान खानचं सगळं बळ आणि सगळी कमजोरी इथेच आहे. युरोपात डावाची सुरुवात हे एव्हाना एक शास्त्र झालं होतं. कुठली खेळी आधी, कुठली नंतर, यावर पुस्तकांचे ढीग पडले होते. त्या पुस्तकांचा आधार सुलतान खानला फारसा नव्हता. पहिल्या दहा-पंधरा खेळींत तो हमखास मागे पडे. पण तिथून सावरला की डाव जसजसा पुढे सरके तसतसा तो भारी होत जाई. कापाब्लांका स्वतः शेवटच्या टप्प्याचा बादशहा. त्याला त्या टप्प्यापर्यंत नेऊन हरवायचं म्हणजे काय, हे बुद्धिबळ खेळणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

त्याला युरोपीय खेळाकडे वळवलं ते शेजारच्या कालऱ्याच्या बड्या जमीनदारानं, नवाब सर उमर हयात खान तिवाणानं. हा लष्करातला मानद कर्नल, इंग्रज सरकारच्या खास मर्जीतला आणि बुद्धिबळाचा शौकीन. त्यानं सुलतानला आपल्या पदरी ठेवलं आणि नवे नियम शिकवले. 1928 मध्ये सुलतान अखिल भारतीय स्पर्धेत उतरला: नऊ डाव, आठ विजय, एक बरोबरी. दुसऱ्या वर्षी सर उमर भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर लंडनला निघाला, आणि सुलतान त्याच्याबरोबर बोटीत चढला.

लंडनमध्ये त्याच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा ठेवली गेली. त्यात तो शेवटच्या जागेवर आला. विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स हे दोन चांगले इंग्रज खेळाडू त्यात खेळले होते. त्यांनी या नवख्याला हसण्यावारी नेलं नाही. त्याच्यातलं पाणी त्यांनी ओळखलं, आणि पुढच्या स्पर्धेसाठी त्याच्याबरोबर बसून तयारी करून घेतली. येट्स स्वतः ब्रिटिश विजेतेपद अनेकदा जिंकलेला. म्हणजे आपल्याच प्रतिस्पर्ध्याला तो शिकवत होता. या दोघांचं नाव सुलतान खानच्या गोष्टीत आदरानं घ्यायला हवं. 1929 च्या उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. साम्राज्यातल्या कुठल्याही प्रजाजनाला तीत खेळता येई. सराव स्पर्धेत तळाला गेलेला सुलतान ती जिंकला.

तो लगेच मायदेशी गेला आणि 1930 मध्ये परतला. तिथून पुढची साडेतीन वर्षं म्हणजे एक झपाटा आहे. लीजच्या स्पर्धेत तार्ताकोव्हरच्या पाठोपाठ दुसरा. हेस्टिंग्जला यूवे आणि कापाब्लांकाच्या मागोमाग तिसरा. 1931 च्या आरंभी त्याच तार्ताकोव्हरला त्यानं बारा डावांच्या सामन्यात साडेसहा-साडेपाच असं हरवलं. सालो फ्लोरशी 1932 मध्ये सामना झाला, तो एका गुणाच्या फरकानं गेला: अडीच-साडेतीन. 1932 आणि 1933 मध्ये पुन्हा ब्रिटिश विजेता. हॅम्बुर्ग, प्राग आणि फोकस्टन इथल्या तीन ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या संघाचा पहिला पट त्याच्याकडे होता. प्रागला 1931 मध्ये सतरा डावांत त्यानं आठ जिंकले, सात बरोबरीत सोडवले. त्याच्याकडून हरलेल्यांत फ्लोर आणि रुबिनस्टाइन होते; बरोबरीत सुटलेल्यांत जगज्जेता अलेखिन.

त्याच दिवसांत लंडनमध्ये गोलमेज परिषदा भरत होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिन्ही परिषदांना हजर होते, गांधीजी दुसरीला आले. हिंदुस्थानच्या माणसाला राज्य करता येईल का, याची चर्चा एका दालनात चालली होती, आणि पंजाबातला एक माणूस इंग्लंडच्या वतीनं युरोपच्या उत्तमोत्तम खेळाडूंना हरवत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडलेला मी कुठे वाचला नाही. जोडायला हवा होता.

1933 मध्ये फोकस्टनचं ऑलिंपियाड अमेरिकेच्या संघानं जिंकलं. त्यानंतर सर उमरनं त्या संघाला लंडनच्या घरी जेवायला बोलावलं. संघातला तरुण खेळाडू रूबेन फाइन यानं त्या संध्याकाळची हकिकत पुढे लिहून ठेवली आहे. यजमानानं आपल्या शिकारी कुत्र्यांबद्दल सांगितलं. पाहुण्यांच्या हाती आपलं चार पानी छापील चरित्र ठेवलं. मग जेवण वाढायला सुरुवात झाली. वाढणारा माणूस सुलतान खान होता. ज्याच्या खेळामुळे आपल्याला हे आमंत्रण आलं तोच आपल्याला वाढतोय, हे पाहून ते सगळे अवघडून गेले.

या प्रसंगावर बरंच लिहिलं गेलंय, आणि त्यात येणाऱ्या 'नोकर' या शब्दाला सुलतान खानच्या घरच्यांनी हरकत घेतली आहे. घरची जमीन होती, पिराचं घराणं होतं, तो पदरी असला तरी गुलाम नव्हता, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतं. पदरी असणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा चांगलं कळतं. संस्थानिकांच्या पदरी गवई होते, मल्ल होते. त्यांच्या कलेला मान होता आणि त्याच वेळी कुठे राहायचं, कधी निघायचं, हे त्यांच्या हातात नव्हतं. सुलतान खानचंही तेच होतं. 1933 च्या डिसेंबरात सर उमर हिंदुस्थानात परतला. सुलतानही परतला. खेळ बहरात आला असताना, तिशीच्या आसपास, कारकीर्द तिथे थांबली.

सर उमरच्याच घरातून आणखी एक खेळाडू पुढे आली होती. फातिमा नावाची तरुणी. 1933 ची ब्रिटिश महिला अजिंक्यपद स्पर्धा तिनं दहा विजय आणि एक बरोबरी अशी, दुसऱ्या क्रमांकापेक्षा तीन गुण जास्त घेऊन जिंकली. तीही परतली, आणि स्पर्धांच्या जगात तिचं नाव पुन्हा आलं नाही. सुलतान खानबद्दल पुस्तकं तरी निघाली. फातिमाच्या वाट्याला दोन ओळी येतात, त्या याही प्रकरणात तेवढ्याच आल्या, याची मला खंत आहे.

परतल्यावर सुलतानचा एक सामना आपल्या माणसाशी झाला. 1935 मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी तो दहा डाव खेळला. नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. त्या दिवसांतल्या सुलतान खानकडून अर्धा गुण काढणं हीदेखील साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर तो मोठ्या स्पर्धेत दिसला नाही. गावाकडच्या जमिनीवर शेती करत राहिला. आपल्या मुलांना त्यानं बुद्धिबळ शिकवलं नाही. आयुष्यात याहून उपयोगाचं काही करा, असं तो सांगे, ही आठवण त्याच्या थोरल्या मुलानं सांगितली आहे. 1966 च्या एप्रिलमध्ये सरगोध्याला क्षयानं तो गेला.

मधल्या काळात 1950 मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघानं पहिल्यांदा अधिकृत ग्रँडमास्टर जाहीर केले. 27 जणांची यादी होती. त्यात हयात असलेल्या जुन्या खेळाडूंना त्यांच्या आधीच्या कामगिरीवर किताब दिला गेला. जाक मीझेसचं नाव त्यात होतं. लाइपझिगचा हा ज्यू खेळाडू 1938 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, नाझींपासून जीव वाचवून इंग्लंडला आला होता. तो इंग्रज नागरिक झाला आणि पंच्याऐंशीव्या वर्षी ब्रिटनचा पहिला ग्रँडमास्टर ठरला. त्याला मिळालं हे चांगलंच झालं. अकिबा रुबिनस्टाइनचं नाव होतं. त्यानं 1932 नंतर स्पर्धा खेळणं सोडलेलं होतं. तार्ताकोव्हर होता. फ्लोर होता. या तिघांनाही सुलतान खाननं हरवलेलं होतं. सुलतान खान तेव्हा जिवंत होता, सरगोध्याच्या बाजूला शेती करत होता, आणि त्याचं नाव यादीत नव्हतं. खेळणं थांबवलं म्हणून नाही म्हणावं, तर रुबिनस्टाइननंही थांबवलं होतं. माझ्या मते हा सरळ अन्याय होता. परदेशी खेळाडू इंग्लंडमध्ये राहिला, तिथला नागरिक झाला, तर त्याचा हिशेब ठेवणारे लोक भोवती होते. जो परत गेला आणि परत गेला तेही साम्राज्याच्या एका कोपऱ्यातल्या खेड्यात, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

2024 च्या फेब्रुवारीत जागतिक महासंघानं त्याला मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला. महासंघाच्या अध्यक्षांनी तो पाकिस्तानच्या काळजीवाहू पंतप्रधानांच्या हाती सुपूर्द केला. पहिल्या यादीनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, आणि त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनी.

कापाब्लांकाविरुद्धचा तो डाव आज कुठल्याही बुद्धिबळाच्या संग्रहात सापडतो. घरात पट असेल तर तो लावा. पांढरी मोहरी आपल्याकडे घ्या आणि 65 खेळी एकेक करून, घाई न करता खेळून पाहा. सुरुवातीला फार काही घडतंय असं वाटणार नाही. तिशीच्या पुढच्या खेळींपाशी मात्र थोडं थांबा, आणि प्रत्येक वेळी सुलतान खानची खेळी बघण्याआधी आपण काय केलं असतं ते मनाशी ठरवा.